एस्प्रेसो यंत्र आणि स्वयंपाकघराची एकच लाइन

एस्प्रेसो यंत्र विजेच्या हिशेबात पाणी तापवणाऱ्या उपकरणांत मोडते. त्यात पाणी ढकलणारा लहानसा पंप असतो, काही यंत्रांत बिया दळणारी मोटर असते, समोर दिवे आणि बटणे असतात. पण वीज खर्च होते ती मुख्यतः आतल्या हीटिंग कॉइलमध्ये. घरगुती यंत्राची क्षमता साधारण १००० ते १५०० वॉट असते. दूध फेसाळण्यासाठी वेगळा बॉयलर असलेली मोठी यंत्रे २००० वॉटच्याही पुढे जातात. दिसायला ते मिक्सरच्या शेजारी शोभते, पण लोडच्या दृष्टीने त्याची जागा इस्त्री, विजेची किटली आणि अंघोळीच्या पाण्याचा रॉड यांच्या रांगेत आहे.

आपल्याकडील बहुतेक घरांत स्वयंपाकघराची वायरिंग हे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावात कवेलूची जुनी घरे आणि नवी स्लॅबची घरे शेजारी-शेजारी दिसतात. घर जुने असो वा नवे, ओट्यावरचे सगळे प्लग एकाच लाइनवर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्या लाइनवर फ्रिज आणि मिक्सर आधीपासून चालत असतात. पुढे इंडक्शन शेगडी येते, पाणी शुद्ध करणारे यंत्र येते आणि मग एखाद्या दिवशी एस्प्रेसो यंत्राचे खोके घरी पोचते. यंत्र चांगल्या कंपनीचे आणि निर्दोष असले, तरी भिंतीमागची तार, प्लग आणि अर्थिंग त्याच्या तोलाचे असल्याशिवाय ते सुरक्षित चालणार नाही. म्हणून या यंत्राची सुरक्षितता ठरवताना मुख्य विचार त्यामागच्या लाइनचा करावा लागतो.

यंत्रात वीज कुठे लागते

इटलीतील तुरिन येथे आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेक कप काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. या यंत्रांत दाब यायचा तो वाफेचा, त्यामुळे तो कमी असे आणि कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांच्या दांड्याच्या यंत्राने हा दाब खूप वाढवला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रात दाब देण्याचे काम विजेच्या पंपाकडे आले. आजची घरगुती यंत्रे याच मार्गाने चालतात: ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी, सुमारे ९ बार दाब आणि पंचवीस-तीस सेकंदांत एक लहान कप.

लग्नसमारंभात एस्प्रेसो म्हणून मिळणारी, वर कोको भुरभुरवलेली फेसाळ कॉफी या यंत्रातून निघत नाही. तिथे बॉयलरच्या वाफेने दूध फेसाळतात आणि त्यात कॉफी पावडर मिसळतात. नऊ बारच्या दाबाचा तिथे संबंध येत नाही.

एवढा दाब निर्माण करायला फार वीज लागत असेल असे वाटते, पण घरगुती यंत्रातला कंपनपंप साधारण पन्नास वॉटवर हे काम करतो. भूक असते ती कॉइलची. पाव लिटर पाणी २५ अंशांवरून ९३ अंशांवर न्यायला सुमारे ७१ हजार जूल उष्णता लागते. १४०० वॉटची कॉइल हे काम जेमतेम एका मिनिटात करते. त्याशिवाय बॉयलरचे आणि कॉफीच्या दांड्याचे धातूही तापावे लागतात, म्हणून यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे कॉइल जवळजवळ अखंड चालू राहते. त्यानंतर थर्मोस्टॅट तिला थोड्या-थोड्या वेळाने चालू-बंद करतो. दूध फेसाळताना पाण्याची वाफ करायची असते, तेव्हा ती पुन्हा सलग चालते. लाइनवर सगळ्यात जास्त लोड येतो तो या दोन वेळांना, नेमका सकाळी घरातली बाकीची कामे चालू असताना.

एका लाइनची ताकद

महावितरणचा एकफेज पुरवठा २३० व्होल्टचा असतो. उपकरणाच्या पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागले, की ते किती अँपिअर ओढणार हे कळते. स्वयंपाकघरातील नेहमीच्या उपकरणांचा हा ढोबळ हिशेब:

एस्प्रेसो यंत्र, १४०० वॉट: ६.१ अँपिअर
इंडक्शन शेगडी, २००० वॉट: ८.७ अँपिअर
विजेची किटली, १५०० वॉट: ६.५ अँपिअर
मायक्रोवेव्ह, १२०० वॉट: ५.२ अँपिअर
टोस्टर, ८०० वॉट: ३.५ अँपिअर
मिक्सर, ७५० वॉट: ३.३ अँपिअर
पाण्याचा रॉड, १५०० वॉट: ६.५ अँपिअर

फ्रिज चालू असताना साधारण एखादा अँपिअरच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी काही पट जास्त ओढतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा लोड नगण्य असतो.

भारतातील प्लग आणि सॉकेट भारतीय मानक १२९३ नुसार दोन मापांचे असतात: ६ अँपिअरचे लहान आणि १६ अँपिअरचे मोठे. मोठ्याला सगळे ‘पॉवर प्लग’ म्हणतात. वरच्या यादीतला पहिलाच आकडा इथे बोलका आहे. १४०० वॉटचे यंत्र ६.१ अँपिअर घेते, म्हणजे लहान सॉकेटची मर्यादा ते एकटेच ओलांडते. व्होल्टेज थोडे चढले की हा आकडाही चढतो. म्हणून अशा यंत्राला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. काही जणांना यंत्राचा मोठा प्लग लहान सॉकेटात बसवण्यासाठी अडॅप्टर लावण्याचा मोह होतो. त्याने पिना जुळतात, पण सॉकेटची ताकद सहा अँपिअरचीच राहते.

सॉकेटमागे तार असते. घरगुती वायरिंगमध्ये दिवे-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरपर्यंतची आणि पॉवर प्लगसाठी अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. पाइपातून नेलेली अडीचची तार ढोबळमानाने अठरा अँपिअर आणि चारची चोवीस अँपिअर सुखाने वाहते. एका पाइपात बऱ्याच तारा कोंबल्या, किंवा तार उन्हाने तापलेल्या स्लॅबमधून गेली, तर ही क्षमता आणखी घटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या पूर्व विदर्भात ही घट गृहीत धरूनच तार निवडावी.

राष्ट्रीय विद्युत संहितेत यासाठी साधा नियम आहे. दिवे-पंख्यांच्या एका लाइनवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि ८०० वॉट लोड असावा. पॉवरच्या एका लाइनवर दोनच मोठे सॉकेट आणि ३००० वॉटपर्यंत लोड असावा. एस्प्रेसो यंत्र आणि इंडक्शन शेगडी मिळून ३४०० वॉट होतात. म्हणजे एकाच पॉवर लाइनवर ही दोन उपकरणे एकत्र चालवणे संहितेच्या मर्यादेबाहेर जाते. ओट्यावरचा बोर्ड दिवे-पंख्यांच्या लाइनवरूनच ओढलेला असेल, तर एकटे एस्प्रेसो यंत्रही त्या लाइनला झेपत नाही. जुन्या घरांत हे वरचेवर आढळते.

एमसीबी काय पाहते

लोड वाढला तर एमसीबी पडेल, असा भरवसा बहुतेक घरांत असतो. हा भरवसा काही अंशी खरा आहे, आणि त्याच्या मर्यादा कळल्या नाहीत तर तो घातक ठरतो.

एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झाले की आतले चुंबक क्षणात तिला पाडते. नेहमीपेक्षा थोडा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला, की आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि मग ती पडते. या दुसऱ्या कामाला वेळ लागतो. मानकानुसार एमसीबीने तिच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर न पडता सोसावा आणि १.४५ पट प्रवाह आल्यास तासाभराच्या आत पडावे. १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे सुमारे १८ आणि २३ अँपिअर होतात. वरच्या यादीतले एस्प्रेसो यंत्र, इंडक्शन आणि मिक्सर एकत्र चालले तर १८.१ अँपिअर होतात. एवढ्या लोडला एमसीबी बराच वेळ गप्प राहू शकते, आणि ती बिघडली आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. एमसीबीचे काम भिंतीतली तार वाचवण्याचे आहे. त्या तारेवर पुढे कोणता सॉकेट आहे, कोणता एक्स्टेंशन बोर्ड लावला आहे, प्लगची पिन ढिली आहे की घट्ट, हे तिला कळत नाही. सहा अँपिअरच्या एक्स्टेंशनमधून बारा अँपिअर जात असले, तरी १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीक असते. स्वयंपाकघरात जळालेले बोर्ड दिसतात ते बहुधा याच कारणाने.

म्हणूनच एमसीबी वारंवार पडत असेल, तर ती काढून मोठ्या आकड्याची बसवणे हा उपाय धोकादायक आहे. तार १८ अँपिअरची आणि एमसीबी ३२ ची, अशी जोडी झाली की तार तापून तिचे आवरण वितळेपर्यंत तिला थांबवणारे कोणी उरत नाही. जुन्या घरांतील चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्येही हीच चूक होते. १५ अँपिअरच्या फ्यूजला साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची फ्यूजतार लागते. ती पुन्हा पुन्हा जाते म्हणून तिथे वायरचे दोन-तीन पदर पिळून घातले, की फ्यूज नावापुरताच राहतो.

सांध्यातली उष्णता

विजेने लागणारी आग बहुधा अखंड तारेत सुरू होत नाही. ती सांध्यात सुरू होते. स्क्रूखालची तार ढिली झाली, सॉकेटची पितळी पकड सैल झाली, पिनेवर काळा थर चढला, की त्या ठिकाणी रोध वाढतो. तिथे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या ढिल्या सांध्याचा रोध एक दशांश ओहम धरला, तर सहा अँपिअरला तिथे सुमारे साडेतीन वॉट उष्णता तयार होते आणि पंधरा अँपिअरला साडेबावीस वॉट. ही सगळी उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत साठते आणि भोवतीचे प्लास्टिक पिवळे, मग तपकिरी, मग काळे होत जाते. उष्णतेने पकड आणखी सैल होते आणि सांधा आणखी तापतो.

स्वयंपाकघरात या गोष्टीला अनुकूल परिस्थिती असते. फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ बोर्डावर चिकट थर धरतात, त्यावर पीठ आणि धूळ बसते. पावसाळ्यात ओल येते. कवेलूच्या छताखालून गेलेल्या तारा उंदीर कुरतडतात. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा स्क्रूखाली हळूहळू दबतात आणि सांधे सैल करतात. म्हणून एस्प्रेसो यंत्र लावण्याआधी बोर्ड उघडून, मेन स्विच बंद करून, सगळे सांधे वायरमनकडून कसून घ्यावेत.

यंत्र एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नये. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक एक्स्टेंशनची दोरी बारीक असते आणि आतल्या पट्ट्या सहा अँपिअरच्या असतात. दोरी गुंडाळलेली ठेवली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. यंत्राची स्वतःची दोरी मुद्दाम आखूड दिलेली असते, ओट्यावरून लोंबून ओढली जाऊ नये म्हणून. त्यामुळे यंत्राची जागा सॉकेटला धरून ठरवावी, किंवा सॉकेट यंत्राच्या जागी आणून घ्यावा.

तपासणीची सोपी रीत अशी: यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर ते बंद करावे, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि प्लग काढून त्याचे प्लास्टिक बोटाने पाहावे. किंचित कोमट लागणे चालते. हात ठेववत नसेल, जळका किंवा मासळीसारखा वास येत असेल, पिनेजवळ डाग दिसत असेल, तर तो सॉकेट बदलेपर्यंत वापरू नये.

अर्थिंग आणि आरसीसीबी

एस्प्रेसो यंत्रात पाणी, धातू आणि वीज एकमेकांना अगदी लागून असतात. हीटिंग कॉइल ही धातूची नळी असते. तिच्या आत तापणारी तार असते आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. क्षारांच्या थराने किंवा पाण्याविना चालवल्याने नळीला तडा गेला, की फेज थेट बॉयलरच्या धातूवर आणि पाण्यात येतो. यंत्राचे अंग अर्थशी जोडलेले असेल, तर हा प्रवाह जमिनीकडे निघून जातो आणि संरक्षक यंत्रणा पडते. अर्थ नसेल, तर तो वाट पाहतो आणि जो माणूस ओल्या हाताने यंत्राला हात लावेल त्याच्या अंगातून जातो. यंत्राच्या तीन पिनांपैकी वरची जाड आणि लांब पिन याच कामासाठी असते. ती कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून यंत्र चालवणे म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणे होय.

तिसरी पिन असणे पुरेसे नाही. तिच्यामागे हिरवी तार असावी आणि ती घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलेली असावी. अनेक घरांत सॉकेटला तीन भोके असतात, पण वरच्या भोकामागे काहीच नसते. काही ठिकाणी अर्थच्या जागी न्यूट्रल जोडून काम भागवलेले असते, आणि हे तर उघड्या धोक्याचे आहे: वाटेत न्यूट्रल तुटली की यंत्राच्या धातूच्या अंगावरच वीज येते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ जोडण्याची पद्धत होती. आता पाइप प्लास्टिकचे झाल्याने तिला काही अर्थ उरलेला नाही. मीठ-कोळशाचा खड्डा केलेला असेल, तर उन्हाळ्यात माती सुकल्यावर तो निकामी होत जातो. त्यात अधूनमधून पाणी घालावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून त्याचा रोध मोजून घ्यावा.

अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवी. फेजने जाणारा आणि न्यूट्रलने परतणारा प्रवाह समान आहे का, हे ती सतत तपासते. फरक पडला, म्हणजे वीज दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने जमिनीत जात आहे, हे ओळखून ती सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. घरगुती जोडणीसाठी तिची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरवलेली आहे, कारण याहून जास्त प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबी आणि आरसीसीबी यांची कामे वेगळी आहेत. एमसीबी तार वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. एकीने दुसरीचे काम होत नाही. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर ती पडली नाही, तर ती बदलावी.

पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेले यंत्र सुरू करताच आरसीसीबी पडण्याचा अनुभव येतो. कॉइलमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल शोषते आणि थोडी वीज अंगाकडे झिरपू लागते. अशा वेळी आरसीसीबीला वगळून यंत्र चालवू नये. दुरुस्ती करणाऱ्याकडून कॉइलचा रोध मोजून ती कोरडी करायची की बदलायची हे ठरवून घ्यावे.

गावातले व्होल्टेज

ट्रान्सफॉर्मरपासून, म्हणजे गावच्या भाषेत डीपीपासून, दूर असलेल्या घरांत व्होल्टेज खाली येते. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालू झाले की ते आणखी उतरते. हीटिंग कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १४०० वॉट देणारी कॉइल २०० व्होल्टला सुमारे १०६० वॉट आणि १८० व्होल्टला सुमारे ८६० वॉटच देते. यंत्र तापायला दीडपट वेळ लागतो, पंपाचा जोर ओसरतो, कॉफी पातळ आणि आंबट उतरते. यात कॉइलला धोका नसतो, कारण ती कमी व्होल्टेजला कमीच प्रवाह घेते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची गोष्ट उलटी असते: व्होल्टेज कमी झाले की तो जास्त प्रवाह ओढतो आणि तापतो. त्याच लाइनवर एस्प्रेसो यंत्र लागले की व्होल्टेज आणखी थोडे घसरते आणि त्याची झळ फ्रिजला बसते. यावर उपाय म्हणून यंत्र फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लावू नये. तो एवढ्या लोडसाठी बनलेला नसतो.

व्होल्टेज अचानक चढणे याहून गंभीर आहे. वादळात डीपीजवळ न्यूट्रल तुटली, तर घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज येऊ शकते. त्या व्होल्टेजला कॉइलची उष्णता तिप्पट होते. दिवे एकदम लख्ख झाले, पंखे वेगाने फिरू लागले, की आधी मेन स्विच पाडावा आणि मग लाइनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे. विजा कडाडत असताना यंत्राचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा.

वीज गेल्यावर यंत्राचे बटण बंद करणे ही चांगली सवय आहे. पुरवठा परत येतो तेव्हा फ्रिज, कूलर, टिल्लू पंप सगळेच एकदम सुरू होतात. त्यात कॉइलची भर नको. टाकीत पाणी आहे की नाही हे न पाहता यंत्र आपोआप तापू लागले, तर कॉइल कोरडी जळण्याचीही भीती असते. इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. घरगुती इन्व्हर्टर बहुधा ७०० ते १००० व्हीएचा असतो आणि दिवे-पंख्यांसाठी असतो. स्वयंपाकघरातील एखादा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेला असेल, तर त्यावर खूण करून ठेवावी.

परदेशातून आणलेले यंत्र

मुलगा किंवा मुलगी परदेशात असली, की तिकडचे यंत्र सामानात येते. ते लावण्याआधी पाठीमागची पट्टी वाचावी. अमेरिकेतली यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असतात. त्यांना थेट २३० व्होल्ट दिले, तर कॉइलमध्ये जवळजवळ पावणेचारपट उष्णता होते आणि यंत्र काही क्षणांत निकामी होते. आग लागण्याचाही धोका असतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो यंत्राच्या वॉटपेक्षा बराच मोठा, म्हणजे २००० व्हीएच्या आसपास हवा. प्रवासात फोन किंवा दाढीच्या यंत्रासाठी नेतात तो लहान कन्व्हर्टर इथे चालत नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा २३० व्होल्टचेच यंत्र घेणे शहाणपणाचे आहे.

युरोपातली यंत्रे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असल्याने चालतात, पण त्यांच्या प्लगमध्ये मेख असते. दोन गोल पिनांचा तो प्लग आपल्या लहान सॉकेटात कसाबसा जातो. त्याची अर्थची जोडणी कडेच्या धातूच्या पट्ट्यांतून होत असते आणि आपल्या सॉकेटात त्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसते. यंत्र चालते, कॉफी निघते, पण अर्थ नसते. ब्रिटन आणि आखातातून आलेल्या यंत्रांना चौकोनी पिनांचा प्लग असतो आणि तो बसवायला लोक स्वस्त अडॅप्टर घेतात. दोन्ही बाबतीत योग्य मार्ग एकच आहे: वायरमनकडून आयएसआय चिन्हाचा १६ अँपिअरचा तीन पिनी प्लग बसवून घेणे. अशा यंत्राच्या दोरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थची असते. आपल्या वायरिंगमध्ये निळी तार फेजसाठीही वापरतात, त्यामुळे रंगांचा हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

वेगळी लाइन, आणि ती होईपर्यंत पाळी

सर्वांत चांगला उपाय म्हणजे एस्प्रेसो यंत्रासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तितकीच भरवशाची हिरवी अर्थ, १६ अँपिअरची एमसीबी, तिच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि शेवटी १६ अँपिअरचा एक सॉकेट, एवढे त्यात येते. अडीचची तारही नियमात बसते, पण लांब अंतर आणि उन्हाळा लक्षात घेता चारची घेतलेली बरी. सॉकेट सिंकपासून आणि शेगडीपासून दूर, ओट्याच्या वर वीतभर उंचीवर असावा, म्हणजे सांडलेले पाणी आणि वाफ त्यात जाणार नाही. यंत्राची वाफ सोडणारी नळी बोर्डाच्या दिशेने वळवू नये. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आयटीआयमध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्री हा अभ्यासक्रम केलेले तरुण गावोगावी आहेत. परवाना आहे का हे विचारण्यात संकोच नसावा. नवी लाइन घेताना वीजबिलावरचा मंजूर भारही पाहावा. घरातली मोठी उपकरणे त्याच्या पुढे जात असतील, तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा.

वेगळी लाइन लगेच शक्य नसेल, तर पाळी पाळावी. नियम सोपा आहे: एका लाइनवर एका वेळी तापणारे एकच उपकरण. एस्प्रेसो यंत्र तापत असताना इंडक्शन, किटली, टोस्टर, मायक्रोवेव्ह आणि रॉड बंद राहतील. फ्रिज आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र चालू राहिले तरी चालते. मिक्सर दोन-चार मिनिटांचा असतो, तो आधी किंवा नंतर फिरवावा. हिवाळ्यात सकाळी अंघोळीच्या पाण्याचा रॉड त्याच लाइनवर असेल, तर आधी पाणी तापू द्यावे. एकत्र कुटुंबात किंवा भाडेकरूंसोबत स्वयंपाकघर वाटून घेतलेले असेल, तर हा नियम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना आणि मदतीला येणाऱ्या बाईंना सांगितलेला असावा. कोणते प्लग एका लाइनवर आहेत हे शोधायला एकेक एमसीबी पाडून पाहावी, कोणते प्लग बंद होतात ते टिपावे आणि बोर्डावर चिठ्ठी लावावी.

यंत्राची स्वतःची निगाही या सुरक्षिततेचाच भाग आहे. बोअरच्या पाण्यातील क्षार कॉइलवर आणि बॉयलरमध्ये साचतात. थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल जास्त तापते आणि लवकर फुटते. गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरावे आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत क्षार काढावेत. आतला थर्मल फ्यूज गेला तर तिथे तार जोडून यंत्र चालवू नये. तो ज्या कारणाने गेला ते कारण शोधावे. पंप नसलेल्या, फक्त वाफेच्या दाबावर चालणाऱ्या लहान यंत्रांचे झाकण दाब पूर्ण उतरल्याशिवाय उघडू नये. काम संपल्यावर भिंतीवरचे बटण बंद करावे, आणि पुसण्याआधी प्लग काढावा.

एवढी काळजी घेऊनही कधी धूर, ठिणगी किंवा जळका वास आलाच, तर यंत्राला हात न लावता आधी मेन स्विच पाडावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. वीज तोडल्यावर आग लहान असेल तर कोरड्या वाळूने किंवा विजेच्या आगीसाठी चालणाऱ्या अग्निशामकाने ती विझवावी. वाढत असेल तर गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावे आणि १०१ वर कळवावे. कोणाला शॉक बसत असेल, तर वीज तोडण्यापूर्वी त्याला हाताने ओढू नये. मेन स्विच पाडणे शक्य नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करावे आणि लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शॉक बसलेला माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात दाखवावे, कारण हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा पाडायचा, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असले पाहिजे.